खानाच्या घरी कोण होतं?

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा बोईसरहून आमच्याकडे माकुणसारला येतो. वय वर्षे चौदा. येताना दप्तर विसरतो, लॅपटॉप विसरत नाही. मागच्या सुट्टीत तो रात्री जेवणानंतर एका खेळात असा बुडाला होता की त्याची आई तीनदा हाक मारून गेली. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर कीटकांचे एक उद्ध्वस्त राज्य होते. पडके महाल, रिकामे रस्ते आणि वरून सतत झिरपणारे पाणी. एक एवढासा शिपाई हातात खिळ्यासारखी तलवार घेऊन या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत चालला होता.

खेळाचे नाव ‘हॉलो नाइट’, म्हणजे पोकळ शिलेदार. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या चार-दोन माणसांनी तो बनवला आणि २०१७ साली तो बाजारात आला. अशा प्रत्येक खेळाच्या शेवटी एक मोठा शत्रू असतो. मुले त्याला ‘फायनल बॉस’ म्हणतात. त्याला मारले की खेळ संपला. पण या खेळातला हा शेवटचा शत्रू मला वेगळाच वाटला. तो साखळ्यांनी जखडलेला आहे. राज्यात एक रोगाची साथ आली, तेव्हा राजाने ती साथ याच्या शरीरात कोंडली. याला मन नाही, इच्छा नाही, आवाज नाही, म्हणून साथ याच्यात कायमची बंद राहील असा राजाचा हिशेब होता. हिशेब चुकला. हा पोकळ नव्हता. राजावर त्याची बापासारखी माया होती, आणि तेवढ्या फटीतून सगळे फुटले.

लढाई रंगात आली असताना तो शत्रू एकाएकी थांबला आणि त्याने आपली तलवार स्वतःच्याच छातीत खुपसली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

मी विचारले, “हे काय रे? हा स्वतःलाच का मारतोय?”

भाचा म्हणाला, “मामू, तेच तर कुणाला माहीत नाही. गेममध्ये सांगितलेलंच नाही. कुणी म्हणतं, तो आपल्याला मदत करतोय, लवकर मारा म्हणतोय. कुणी म्हणतं, तो आतल्या रोगाला मारतोय. सगळ्यांच्या वेगवेगळ्या थिअरीज आहेत.”

थिअरीज! जगभरातली मुले शाळेचा अभ्यास सोडून एका दुःखी शत्रूच्या मनात काय चालले असेल याचा काथ्याकूट करतात. भाच्याला हे नवे वाटत होते. मला नाही वाटले. कारण हा उद्योग मी त्याच्याहून लहान असताना केला होता, तोही आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध शेवटच्या शत्रूबद्दल.

चौथीत आम्हाला शिवछत्रपतींचा इतिहास होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रतापगडाचा प्रसंग बसवायचे ठरले. अफझलखान म्हणजे धिप्पाड, आडदांड माणूस. वर्गात तशा अंगाची दोन मुले होती. मी वर्गात सर्वांत किडकिडीत. तरी खानाची भूमिका माझ्याकडे आली. का आली, ते कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पोटावर उशी बांधली, काजळाने मिशा काढल्या आणि आईचा हिरवा दुपट्टा कमरेला गुंडाळला. महाराज झालेला मुलगा माझा जिवलग दोस्त होता. त्याने पुठ्ठ्याची वाघनखे उशीत खुपसली, मी “दगा, दगा” ओरडून कोसळलो आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

कोसळल्यावर हलायचे नाही, अशी गुरुजींची ताकीद होती. पुढचा सगळा प्रवेश मी डोळे मिटून फळ्यांवर पडून ऐकला. जयघोष ऐकला, आरती ऐकली. आणि पडल्या पडल्या एक विचार डोक्यात आला. घरी आल्यावर मी तो अब्बांना विचारला, “अब्बा, खानाच्या घरी कोण होतं?”

अब्बा ट्रकवर होते. विजापूरकडे त्यांच्या खेपा होत असत. ते म्हणाले, “होत्या ना. त्याच्या बायका होत्या. त्रेसष्ट. विजापूरच्या बाहेर त्यांच्या कबरी आहेत. साठ कबर म्हणतात लोक.” आणि त्यांनी ढाब्यावर ऐकलेली कहाणी सांगितली.

कहाणी अशी. मोहिमेवर निघण्यापूर्वी खानाने ज्योतिषाला विचारले. ज्योतिषी म्हणाला, तू परत येणार नाहीस. खानाला ते पटले. पण विडा उचललेला, मागे फिरणे नाही. आपल्यामागे आपल्या बायका दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत, म्हणून त्याने एकेकीला विहिरीत ढकलून मारले, सगळ्यांना एका ओळीत पुरले आणि मग तो मरायला निघाला.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुस्तकातला खान कपटी होता, तो जिंकायला आला होता. अब्बांच्या कहाणीतला खान मरायला आला होता. आपण मरणार हे ठाऊक असूनही जो मिठी मारायला पुढे होतो, तो कसा माणूस? भाच्याच्या खेळातल्या मुलांसारखाच मीही दुःखी शत्रूचा कोडी सोडवणारा झालो. खानाचे काम माझ्याकडे आले होते, त्यामुळे त्याला काहीतरी दुःख असावे, अशी माझी गरजही होती, हे आता कळते.

पुढे चाळिशीत मी विजापूरला गेलो. २०१४ पासून त्या शहराचे अधिकृत नाव विजयपुरा आहे. गोलघुमटावर माणसांची झुंबड होती. साठ कबरीकडे जाणारी वाट मात्र विचारत विचारत काढावी लागली. शहराच्या पश्चिमेला, शेतांच्या मध्ये, काळ्या दगडाचा एक चौथरा आहे. त्यावर ओळींमागून ओळी कबरी. सगळ्या एका मापाच्या, एका घडणीच्या, सारख्या अंतरावर. दख्खनमध्ये पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा करतात आणि बाईच्या कबरीवर सपाट पाटी ठेवतात. पुरुषाला कलम, बाईला पाटी. इथे सगळ्या पाट्याच आहेत. एक कबर उघडी, रिकामी राहिली आहे. लोक म्हणतात, एकजण निसटली.

पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी विजापूरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९१६ साली निघाला. त्यात त्यांनी ही दंतकथा आणि या कबरी, दोन्ही नोंदवल्या आहेत. जवळच खानाने बांधलेली मशीद आहे, १६५३च्या सुमाराची, दोन मजल्यांची. वरचा मजला बायकांसाठी असावा असा तर्क करतात. शेजारी खानाने स्वतःसाठी बांधायला घेतलेली कबर आहे. ती अपुरीच राहिली, कारण खान परतला नाही. अपुरी कबर, एकसारख्या मापाच्या कबरी आणि एक उघडा खड्डा. एवढे सामान डोळ्यांसमोर असल्यावर माणसे कहाणी रचल्याशिवाय कशी राहतील?

पण कागद काय सांगतात? कागदांतला खान शोकाकुल दिसत नाही. तो हिशेबी दिसतो. १६५९ साली त्याने दरबारात शिवाजी महाराजांचा बंदोबस्त करण्याची कामगिरी घेतली. वाटेत तुळजापूर, पंढरपूरच्या देवस्थानांना त्याने उपद्रव दिला, असे बखरी सांगतात. महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीला मारले गेले, त्याचा ठपकाही त्याच्यावर आहे. वाईला त्याने तळ दिला. तो मुलूख त्याच्या ओळखीचा होता, पूर्वी तो तिथला सुभेदार होता. बरोबर दहा-बारा हजारांची फौज, हत्ती, उंट, तोफा होत्या. मुलगा फाजलखान बरोबर होता. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजाने त्याच वर्षी डिसेंबरात एक पत्र लिहिले. फौज पुरेशी नसल्याने विजापूरच्या राणीने खानाला मैत्रीचे सोंग करायला सांगितले होते, असे त्यात आहे. मरायला निघालेला माणूस एवढी तयारी करत नाही आणि पोटच्या पोराला बरोबर घेत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याच्या शामियान्यात तो शिरला, तो जिंकण्यासाठीच.

आणि पुस्तकात मला जशी दोन रंगांची लढाई दिसली होती, तशीही ती नव्हती. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते. महाराजांचे भाऊबंद मंबाजी भोसले त्याच्या बाजूने लढताना पडले. खंडोजी खोपडे त्याला जाऊन मिळाला, तर कान्होजी जेधे घरादारावर पाणी सोडून महाराजांपाशी आले. महाराजांबरोबर त्या दिवशी जे दहा अंगरक्षक होते, त्यांच्या यादीत जिवा महाला आहे, संभाजी कावजी आहे आणि सिद्दी इब्राहिमही आहे. हे नाव मला चौथीत कुणी सांगितले असते, तर कदाचित मी गुरुजींकडे ती भूमिका मागितली असती. उशीही लागली नसती.

मग कागदांत नसलेले हे दुःख कहाणीत आले कुठून? माझ्या मते ते विजापूरच्या पडझडीतून आले. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आदिलशाही संपली. शहराची रया गेली. पुढे कित्येक पिढ्या लोक त्या पडक्या महालांच्या सावलीत राहिले. आपला एवढा बलाढ्य सरदार डोंगरातल्या एका तरुण राजाकडून मारला गेला कसा, हा प्रश्न त्यांच्या गळ्यात अडकला असणार. ज्योतिषाची गोष्ट त्याला उत्तर देते. खान हरला नाही, त्याचे नशीब तसे होते. पराभवाला नशिबाचा शेला पांघरला की तो जरा सुसह्य होतो. भाच्याच्या खेळातले राज्यही असेच पडके आहे. ज्या घराचे दिवे चालू असतात, तिथे काय घडले ते विचारून कळते. पडक्या घराबाबत मात्र माणसे तर्क लढवत बसतात.

जिंकलेल्या बाजूलाही मोठा शत्रू लागतोच. अज्ञानदासाच्या पोवाड्यात काय, सभासदाच्या बखरीत काय, खान लहान दाखवून चालत नाही. खान जेवढा मोठा, तेवढा महाराजांचा पराक्रम मोठा. म्हणजे एकाच माणसाला एका गावाने दुःखाने वाढवले आणि दुसऱ्या गावाने पराक्रमासाठी वाढवले. खरा खान या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहून गेला.

आपल्या मराठी मातीत शत्रूला असा घरचा करून घ्यायची चाल जुनीच आहे. जेजुरीला मणी आणि मल्ल या दैत्यांना खंडोबाने मारले. पण मरताना मणी शरण आला, त्याने देवाजवळ जागा मागितली, आणि देवाने ती दिली. भक्त आज मणीलाही हात जोडतात. बळीराजाला वामनाने पाताळात दाबले, तरी शेतकऱ्याच्या घरात पाडव्याला राज्य मागतात ते बळीचे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त त्याच बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. जिंकणाऱ्याच्या कथेत हरलेल्याने जिथे तोंड मिटले, तिथे फुल्यांनी कान लावला. हीही एक थिअरीच, पण तिने हजारो माणसांना ताठ मानेने उभे केले.

गंमत पाहा. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. बाजारातून आणलेले मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज आणि पायथ्याशी भेटीचा प्रसंग. त्याच दिवाळीत, बलिप्रतिपदेला, बळीराजाची पूजा होते. एका अंगणात एका शत्रूचा कोथळा निघतो आणि दुसऱ्याचे राज्य परत मागितले जाते. आपण एकाच वेळी दोन्ही करू शकतो, हे आपले थोरपण म्हणा किंवा विसराळूपण म्हणा.

महाराजांनी मात्र हे विसराळूपणाने केलेले नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे. महाराजांनी त्याला इतमामाने दफन करवले, असे परंपरा सांगते. खानाचे मूळ नाव अब्दुल्ला. गडावर अब्दुल्ला बुरूज आहे आणि त्याचे शिर तिथे पुरले अशी समजूत आहे. रावण पडल्यावर रामाने बिभीषणाला मरणापाशी वैर संपते असे सांगून अंत्यविधी करायला लावला, ही कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. तीच रीत इथे दिसते. अलीकडे या कबरीभोवतीच्या वाढीव बांधकामावरून वाद झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने ते बांधकाम हटवले. कबर राहिली. जिंकलेल्याने हरलेल्याला दिलेली साडेतीन हात जमीन, एवढाच त्या कबरीचा अर्थ. तिला दर्गा करू नये आणि तिच्यावर रागही काढू नये, असे मला वाटते.

पण त्या दिवशी साठ कबरीच्या चौथऱ्यावर उभा असताना माझ्या मनात खान नव्हता. मी इतकी वर्षे त्याच्या दुःखाचा विचार करत आलो होतो आणि समोर होत्या त्या बायका. इतिहासाला यांची नावे ठाऊक नाहीत. कहाणीत त्यांना चेहरा नाही, एक वाक्य बोलायला नाही. त्या केवळ आकडा आहेत. त्रेसष्ट. खान किती दुःखी होता, हे मोजायचे माप म्हणून तो आकडा आणला आहे.

कहाणी खरी धरली, तर खान दुःखी नायक उरत नाही. लढायला जाण्याआधीच त्याने त्रेसष्ट निःशस्त्र बायकांना मारले, त्यात करुण काही नाही. कहाणी खोटी धरली, तर त्याहून विचित्र गोष्ट होते. एका माणसाला दुःखी दाखवण्यासाठी आपण, म्हणजे सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी, त्रेसष्ट बायकांना कथेत मारले आहे. तीन शतके आपण ती गोष्ट चवीने सांगतो आहोत. मुसलमान सरदाराच्या घरात त्रेसष्ट बायका असणारच, असे ऐकणाऱ्याने धरून चालावे, याची सोयही त्या आकड्यात आहे.

मला वाटते, तो घराण्यातल्या, वाड्यातल्या बायकांचा कबरस्तान असावा. बायकांसाठी मशिदीचा वेगळा मजला जिथे असू शकतो, तिथे बायकांची वेगळी दफनभूमीही असू शकते. एकाच गवंड्याच्या हाताखाली चौथरा झाला, दगड एका मापाने घडवून ठेवले, तर कबरीही एकसारख्या दिसतील. काही आजाराने गेल्या असतील, काही बाळंतपणात, काही म्हाताऱ्या होऊन. मरणाचे साधे कारण कहाणीला पुरत नाही, पण बहुतेक माणसे साध्या कारणानेच मरतात.

शेवटचा शत्रू दुःखी असला की आपले सगळे लक्ष तो खाऊन टाकतो. रावणाच्या विद्वत्तेवर, दुर्योधनाच्या मानीपणावर, कर्णाच्या दैवावर आपण किती बोललो. त्यांच्या लढायांत ज्यांचे काही भांडण नव्हते आणि ज्यांना कुणी विचारले नव्हते, त्यांच्याबद्दल थिअरी कोण करतो? मीही कवी म्हणवतो, पण तिशीत मी लिहिलेल्या कवितेत खान होता, त्याचे डोळे होते, त्याची रात्र होती. बायकांना त्या कवितेत मी विहिरीचे पाणी करून टाकले होते. तिथून परतल्यावर ती कविता मी वहीतून काढली. तिच्या जागी दुसरी अजून झालेली नाही.

भाच्याला मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले की आपल्याकडेही असा एक फायनल बॉस होता आणि तुझ्या मामूने त्याचे काम केले होते, पोटाला उशी बांधून. तो खूप हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “पण मामू, त्या उघड्या कबरीचं काय? तुमची थिअरी काय आहे?”

मी म्हणालो, “ती निसटली.”

“कशावरून?”

“कशावरूनही नाही. मला तसं वाटतं.”

खरे सांगायचे तर ते नुसते वाटणे नाही, ती माझी इच्छा आहे. एखादी तरी बाई रात्री वाड्याच्या मागच्या दाराने निघाली असेल, ज्वारीच्या शेतातून वाट काढत गेली असेल, कुठल्या तरी गावात दुसऱ्या नावाने म्हातारी झाली असेल, अशी माझी इच्छा आहे. हा इतिहास नव्हे. इतिहास कागद मागतो आणि ते बरोबरच आहे. इच्छेला कागद लागत नाही, म्हणून तिला इतिहास म्हणू नये. दोन्ही मनात ठेवावीत, पण वेगवेगळ्या फडताळांत.

महाराज झालेला माझा दोस्त अजून गावातच आहे, पानवेलींची वाडी करतो. त्या रात्री पडदा पडल्यावर त्यानेच हात देऊन मला फळ्यांवरून उठवले होते आणि आम्ही दोघांनी एकाच कागदातली भजी खाल्ली होती. माझ्या मिशांचे काजळ त्याच्या भगव्या उपरण्याला लागले, म्हणून त्याची आई मात्र दोघांनाही ओरडली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)